ई-क्लासवरचा पाव्हणा

अमरदीप आला तेव्हा सोयाबीन सोंगायला, कापणीला आलं होतं आणि आभाळ खाली उतरलं होतं. असल्या दिवसांत घरात दोन हात वाढले तर कोणाला नको असतात? देवमनचा तो मामेभाऊ, मेडशीकडचा. बायको माहेरी निघून गेलेली, भावांनी घराबाहेर काढलेला. खांद्याला एक थैली आणि पायात चिखलानं जड झालेली चप्पल. देवमनच्या बायकोनं, लिलाबाईनंच त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"आलेच तं सोंगणी होयपर्यंत राहा भाऊजी," ती म्हणाली. "आमालेबी हातभार."

"सोंगणी झाली का जातो वयनी. मले कोनाच्या घरी पडून राहाची सवय नाही."

त्यांचं घर गावाबाहेर, कामरगावच्या रस्त्यालगतच्या बरडावर. सगळी जागा सरकारी, ई-क्लास म्हणजे गायरान. लग्नानंतर देवमननं तिथली झुडपं तोडली, गोटे वेचून बांधाला लावले, कुडाच्या भिंती उभ्या केल्या आणि वर टिनं टाकली. त्यांची पोरगी स्नेहा तिथंच जन्मली. आजूबाजूला आणखी पाच-सात घरं, काही बौद्धांची, काही तांड्यावरून उतरलेल्या बंजाऱ्यांची. कागद कोणाजवळच नव्हता. कोणी कोणाला मागतही नव्हतं.

सोंगणी अर्ध्यावर आली तोच पावसानं गाठलं. मालकाच्या वावरात गंजीवर ताडपत्री ओढता ओढता देवमन मटकन खाली बसला. तोंड एका बाजूला गेलं. लिलाबाई हाका मारत होती आणि तो तिच्याकडे असा पाहत होता, जणू ती कोण हेच त्याला आठवत नाही. वावरातून रस्त्यापर्यंत गुडघाभर काळा चिखल. बैलगाडी येईना, मोटारसायकल तर नाहीच. तेव्हा अमरदीपनं त्याला पाठीवर घेतलं. दोनदा तो गुडघ्यावर पडला, पण देवमनला त्यानं खाली टेकू दिलं नाही. रस्त्यावर पोचला तेव्हा त्याच्या नाकातोंडात चिखल होता.

देवमन वाचला. उजवा हात-पाय गेले आणि जिभेला जडपणा आला. दवाखान्यातून आणल्यावर त्याला उचलायला, बसवायला, परसाकडे न्यायला माणूस पाहिजे होता. लिलाबाईच्या एकटीच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. अमरदीप ते सगळं करू लागला, तोंड वाकडं न करता. मग त्याला "आता जा" कोण म्हणणार? सोयाबीन निघून गेलं, कापसाची पहिली वेचणी झाली. अमरदीपनं पुढच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकला आणि त्यावर आपला शर्ट अडकवला. एका मंगळवारी तो मेडशीला जाऊन आला, तो डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन.

पेटी पाहून लिलाबाई दारातच उभी राहिली. पण देवमन खाटेवरून अर्ध्या तोंडानं हसला, म्हणून तिनं वाट दिली.

ती रोज मजुरीला जायची. सकाळी भाकरी थापून, देवमनचं तोंड पुसून ती निघायची आणि दिवस कलल्यावर परतायची. स्नेहा बारावीला, कामरगावच्या कॉलेजात. दुपारी ती घरी यायची तेव्हा घरात बाप असायचा, खाटेला खिळलेला, आणि हा असायचा. न्हाणी म्हणजे मागच्या अंगणात चार बल्ल्यांना गुंडाळलेली जुनी लुगडी. अमरदीप नेमका तिच्या आंघोळीच्या वेळी मागच्या गोट्यावर बिडी ओढत बसायला लागला. तो काही बोलत नसे, नुसता बसे. स्नेहा तांबडं फुटायच्या आत आंघोळ उरकू लागली. मग तेही सोडून ती शेजारच्या रुपाबाईच्या न्हाणीत जाऊ लागली. लिलाबाईनं विचारलं तर म्हणाली, "तठी पानी गरम असते."

हे लिलाबाईला कळत नव्हतं असं नाही. कळूनही त्याचं करायचं काय, ते कळत नव्हतं.

तुरी सोंगायच्या दिवसांत एकदा तिच्या हाताला विळा लागला. बोट फाटलं. मालकिणीनं चिंधी बांधून तिला घरी पाठवलं. दार लोटलेलं होतं. देवमन पुढच्या खोलीत झोपला होता. आत स्नेहा तापानं फणफणून चटईवर पडलेली, आणि तिच्या उशाशी अमरदीप बसला होता. त्याचा हात गोधडीवर होता.

"ताप पाहून राह्यलो वयनी," तो उठत म्हणाला. "लय हाये. गोळी द्या."

तो बाहेर गेला. स्नेहाचे डोळे उघडे होते. ती वर टिनाकडे पाहत होती. लिलाबाई तिच्याजवळ बसली, तेव्हा पोरीनं तिचा रक्ताळलेला हात धरला आणि सोडला नाही.

"काय झालं? सांग मले."

"काई नाही."

"हात लावला त्यानं तुले?"

"आई, माह्यं नाव कुठीच नोको घेऊ. कॉलेजात समजलं तं मी जाणार नाही. माही शपथ घे."

लिलाबाईनं शपथ घेतली. पुढं त्या शपथेनंच तिचं तोंड बांधून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अमरदीप जेवायला बसला, तेव्हा तिनं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि उभ्यानंच म्हणाली, "भाऊजी, तुमचे उपकार आमी विसरणार नाही. पन आता तुमी आपल्या गावाले जा."

अमरदीपनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली.

"काहून?"

"काहून काय? घर लहान हाये. पोरगी मोठी झाली."

"अन् दादाले कोन उचलन? तुमी?"

"मी पाहीन कसं ते."

तो हसला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "वयनी, घर कोनाचं हाये? सातबारा हाये तुमच्याजोळ? जागा सरकारची. सरकारात जसे तुमी, तसा मी. मीबी अठी चार महिने राह्यलो, घाम गायला. काढून दाखवा मले."

खाटेवर देवमननं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. शब्द फुटला नाही, लाळ गळली. अमरदीपनंच उठून ती पुसली.

गावच्या पोलीस पाटलाकडं, उदयसिंगकडं, ती आधी गेली. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, नात्यातली गोष्ट हाये. तुमच्याच पाच माणसात मिटवा. मी मधात पडलो तं उद्या तो म्हनन, पाटलानं मले मारलं." तरी त्यानं ठाण्यात जायला सांगितलं. तेवढं तरी केलं.

ठाण्यात बाकावर बसून तिनं दुपार काढली. रोज बुडाला. शेवटी जमादारानं बोलावलं. जाडसर माणूस, समोर चहाचा कागदी कप. त्याचं नाव तिनं विचारलं नाही, त्यानंही तिला बस म्हटलं नाही.

"काय तक्रार?"

"साहेब, घरात पाव्हणा आला, तो जात नाही."

जमादारानं मान वर केली. पलीकडच्या टेबलावरचा पोलीस हसला. "आमच्या घरचेबी जात नाहीत मावशी," तो म्हणाला.

"थांब रे. मारहाण केली काय त्यानं?"

"नाही."

"चोरी? शिवीगाळ?"

"दारू पेते कवा कवा."

"मग? तुमीच बोलावलं होतं ना त्याले?"

"सोंगणीसाठी, साहेब. आता जा म्हटलं तं म्हनते, काढून दाखवा. घरात वयात आलेली पोरगी हाये."

"पोरगीले काई केलं?" जमादारानं आता पेन हातात घेतलं. "नीट सांगा. केलं असन तं आता त्याले आनतो. पन पोरगीले अठी आनावं लागन, तिचा जबाब लागन."

लिलाबाईला स्नेहाचे टिनाकडे लागलेले डोळे दिसले.

"नाही," ती म्हणाली. "तसं काई नाही."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "मग हा दिवाणी मामला हाये. घर कोनाच्या नावावर?"

"ई-क्लासवर हाये साहेब. वीस वर्सापासून."

"म्हंजे तुमीच अतिक्रमणात. अतिक्रमणवाल्याच्या घरातून अतिक्रमणवाला आमी कोन्या कायद्यानं काढू? वरून ऑर्डर आली तं सगळ्यायलेच काढा लागते. जा घरी, समजुतीनं घ्या. काई झालं तं या."

काही झालं तर या. बाहेर पायरीवर येईपर्यंत त्या शब्दांचा अर्थ तिला नीट लागला नव्हता. लागला तेव्हा ती तिथल्याच नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

कारंज्याच्या कोर्टात संघदीप म्हणून एक वकील होता, तिच्या माहेरकडच्या माणसाचा मुलगा. रुपाबाई म्हणाली त्याला तरी विचार. पुढच्या सोमवारी ती गेली. त्यानं "जय भीम मावशी" म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला. त्या दिवसांत तिला कोणी खुर्ची दिली ती तेवढीच.

"जमादार अर्धंच बोलला," तो म्हणाला. "जागा सरकारची असली तरी घरात ताबा तुमचा आहे. सरकार तुम्हाला काढू शकते, कायद्यानं. पण अमरदीप काही सरकार नाही. तो तुमच्या परवानगीनं आला. तुम्ही परवानगी काढून घेतली का त्याचा हक्क संपला. त्याच्यापुढं घरमालक तुम्हीच."

लिलाबाई खुर्चीत पुढं सरकली. "मंग पोलीस त्याले काढन?"

"पोलीस काढतीलच असं नाही. ते म्हणतील गुन्हा दाखवा. कोर्टात दावा टाकता येईल, पण त्याला वेळ लागते. अन् दाव्यात ई-क्लासची गोष्ट निघन. तलाठी, तहसीलदार सगळे जागे होतील. मी तुम्हाला तो सल्ला देणार नाही."

"मंग माह्या हक्काचं काय?"

संघदीप थोडा घुटमळला. "तुम्ही त्याला जा म्हणू शकता. नाही गेला तर मारहाण न करता, हाताला धरून बाहेर काढू शकता. दोन-चार माणसं उभी करा. एवढं पुरते बहुतेक वेळा."

दोन-चार माणसं. येताना एसटीच्या खिडकीतून ती वावरं पाहत होती आणि माणसं मोजत होती. रुपाबाईचा पोरगा बादल असता तर त्यानं अमरदीपला पेटीसकट उचललं असतं. पण बादल ऊसतोडीला गेला होता. बरडावरचे हातपाय धड असलेले सगळेच गेले होते. मागं राहिले ते म्हातारे, बाया, आणि खाटेवरचा देवमन. कायद्यानं तिला हात दिला होता, पण तो हात चालवायचा तिनं स्वतःच.

दोन दिवस ती मजुरीला जाऊन आली. तिसऱ्या दिवशी कामरगावचा बाजार होता. अमरदीप सकाळी दाढी करून गेला. लिलाबाई मजुरीला गेली नाही. तिनं खिळ्यावरचा शर्ट काढला, त्याच्या गोधड्या गुंडाळल्या, चप्पल, बिडीचं बंडल, आरसा, सगळं पेटीत भरलं. पेटी जड होती. रुपाबाई आली, दोघींनी दोन कडांना धरून ती बाहेर रस्त्याच्या कडेला बाभळीखाली नेऊन ठेवली. मग लिलाबाईनं दाराला आतून कडी लावली, मागं पाटा टेकवला, आणि मागच्या दाराला कुलूप घातलं. देवमन पाहत होता.

"ना... ना..." तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं, करू नको की भिऊ नको, हे तिला समजलं नाही. तिनं विचारलंही नाही.

स्नेहा पुस्तक मांडीवर घेऊन आत बसली होती. घर कसं मोकळं दिसत होतं. पुढच्या खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता, जिथं त्याच्या गोधड्या असायच्या तिथं. लिलाबाईनं तिथं झाडलं, पाणी शिंपडलं. मायलेकींनी त्या दिवशी दार लावून पोटभर भात खाल्ला.

दुपार कलली तसा अमरदीप आला. पेटी पाहून तो थांबला. दार ढकललं, कडी वाजली.

"वयनी, दार उघडा."

"भाऊजी, तुमचं सामान बाहेर हाये. गुमान जा."

तो शिव्या देईल, लाथ मारेल, दार तोडेल अशी तिची तयारी होती. लाथ मारली असती तर जमादाराला सांगायला काहीतरी झालं असतं. पण अमरदीप पेटीवर बसला आणि रडायला लागला. मोठ्यानं, गडी माणसानं रडू नये तसा. रस्त्यानं जाणारे थांबू लागले. "दादाले पाठीवर आनलं म्या," तो त्यांना सांगत होता. "चार महिने गू-मूत काढलं. अन् काम झालं तं हे पाहा, कुत्र्यासारखं." एकानं त्याला पाणी दिलं. दुसऱ्यानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "एकशे बाराले फोन लाव ना. गाडी येते."

गाडी आली. तिच्या तक्रारीला दुपारभर बाक झिजवावा लागला होता, त्याच्या फोनला गाडी आली. दोन पोलीस उतरले, नवे, तिला न ओळखणारे. त्यांनी दार वाजवलं तशी तिनं कडी काढली. पोलिसाला दार न उघडण्याची हिंमत तिच्या सात पिढ्यांत कोणाची नव्हती.

"ह्याचं सामान बाहेर कोनं टाकलं?"

"म्या. घर माह्यं हाये साहेब. वकिलानं सांगतलं. हा पाव्हणा हाये, मी जा म्हटलं तं त्यानं जावं लागते."

"किती दिवसापासून राह्यते हा अठी?"

"चार महिने," अमरदीप म्हणाला. "हे सगळे सांगतीन."

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. खोटं काय होतं त्यात?

"चार महिने राह्यला म्हंजे राहनारा झाला. असं कुलूप लावून कोनाले काढता येत नाही बाई. कायदा हातात घ्याचा नाही."

"पन वकील तं..."

"वकिलाले कोर्टात बोलू द्या. तुमच्याजोळ कागद काय हाये? दाखवा, आमी त्याले आता गाडीत टाकतो."

कागद म्हणून तिच्याजवळ विजेचं बिल होतं. तिनं ते आणलं. पोलिसानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "हे विजेचं हाये. जागेचं?" मग त्यानं बरडावरच्या सगळ्या घरांवरून नजर फिरवली. "सगळं ई-क्लास दिसते हे. लय ताणू नका. तलाठ्याले रिपोर्ट गेला तं ह्या सगळ्या टिना उतरतीन."

रुपाबाई तिच्या शेजारी उभी होती. हे ऐकून तिनं पदर तोंडाला लावला आणि हळूच दोन पावलं मागं सरली. लिलाबाईला तिचा राग आला नाही. तिच्याही डोक्यावर तेच टिन होतं.

दुसरा पोलीस आत डोकावला. खाटेवर देवमन धडपडत उठायला पाहत होता. "बाबा, तुमी सांगा. घर तुमचं. ह्याले ठेवाचं का काढाचं?"

देवमनचा डावा हात हवेत वर आला. तो लिलाबाईकडं पाहत होता, आतल्या दाराशी उभ्या स्नेहाकडं पाहत होता, मग त्याची नजर मागच्या न्हाणीकडं, परसाकडच्या वाटेकडं गेली, जिथं तो कोणाच्या तरी खांद्याशिवाय जाऊ शकत नव्हता. त्याचे डोळे भरले.

"रा... हू..." तो म्हणाला.

"राहू द्या म्हनते," पोलीस बाहेर म्हणाला. "झालं. मिटलं. सामान आत घ्या. पुन्हा फोन आला तं दोघायलेबी तहसीलले बोलावून बाँड लिहून घेऊ."

पेटी आत घ्यायला अमरदीपला बघ्यांतल्याच एकानं मदत केली. त्यानं शर्ट पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला. लिलाबाईला तो काही म्हणाला नाही. उलट मऊ झाला. रात्री लवकर जेवून हात धुतले आणि देवमनचे पाय दाबत बसला.

सकाळी लिलाबाईनं स्नेहाची पुस्तकं एका पोत्यात भरली आणि कपडे एका थैलीत. इंझोरीला तिची धाकटी बहीण सुकेशनी होती. तिचं घर पक्कं होतं, गावठाणातलं.

"परीक्षा जोळ आली आई," स्नेहा म्हणाली. "सेंटर अठचं हाये."

"मावशीचा घरधनी गाडीवर आनन."

"अन् नाही आनलं तं?"

लिलाबाईनं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं. निघताना स्नेहा बापाच्या खाटेजवळ गेली. देवमननं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. ती वाकली नाही, रडली नाही. "काल तुमीच राहू द्या म्हटलं ना बाबा," एवढंच म्हणाली आणि मनगट सोडवून घेतलं. देवमनचा हात तसाच हवेत राहिला.

कामरगावच्या स्टँडवर त्या दोघी पुढं इंझोरीला जायला कारंज्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या राहिल्या. पोत्याचं ओझं डोक्यावरून उतरवायला लिलाबाईला सुचलं नाही. स्नेहानंच ते उतरवलं.

"तू चाल ना माह्यासंग," ती म्हणाली.

"तुह्या बापाले कोनापाशी टाकू?"

"हाये ना तो."

गाडी आली. गर्दीत पोरगी आत ढकलली गेली, पोतं कंडक्टरनं ओढून घेतलं. खिडकीत तिचा चेहरा दिसेल म्हणून लिलाबाई गाडीच्या बाजूनं धावली. पण स्नेहाला पलीकडची बाजू मिळाली होती. धुरळा बसेपर्यंत ती उभी राहिली, मग जीपमध्ये दाटीवाटीनं बसून परतली.

बरडावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अर्धा रोज तरी पदरात पडावा म्हणून तिला हरभऱ्याच्या वावरात जायचं होतं. अंगावरचं धड लुगडं बदलून कामाचं नेसायचं होतं. पुढचं दार लोटलेलं होतं. आतून बादलीत पाणी सांडल्याचा आवाज येत होता. अमरदीप देवमनला पुसत असेल, नाहीतर स्वतः उघडा बसला असेल.

ती ओट्यावर थांबली. दार ढकलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मग पदर सारखा करून ती बाहेरूनच खाकरली.

"कोन, वयनी काय?" आतून अमरदीप म्हणाला. "या ना, या."

ती आत गेली.